अभयारण्य डोंगरात, बिबट्या उसात: जुन्नर-आंबेगावात वन्यजीव संरक्षण कसे चालते?

जुन्नर वनविभागात पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. या भागाच्या पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर आणि भीमाशंकरचे जंगल आहे. पूर्वेला कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर वाढलेला उसाचा पट्टा आहे. वन्यप्राणी दोन्हीकडे आहेत, मात्र दोन्हीकडच्या संरक्षणाची रीत वेगळी आहे. डोंगरातील शेकरूसाठी जंगल राखावे लागते. बागायती पट्ट्यातील बिबट्याच्या बाबतीत शेत, गोठा आणि वस्ती यांचे नियोजन करावे लागते.

हा विषय केवळ निसर्गप्रेमाचा नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसांचे बळी गेले. अशा घटनेनंतर गावाचा संताप होणे स्वाभाविक आहे. 'बिबटे पकडा आणि लांब नेऊन सोडा' ही मागणीही मग जोर धरते. हा उपाय याच भागात पूर्वी मोठ्या प्रमाणावर करून झाला आहे. त्याचा परिणाम काय झाला आणि खरी सुरक्षितता कशाने मिळते, याची माहिती या लेखात घेऊ.

जीवावरण राखीव क्षेत्र म्हणजे काय?

एखाद्या भागातील जंगल, प्राणी, पाणी, माती आणि तेथे राहणारी माणसे यांचा एकत्रित विचार करून राखलेल्या मोठ्या भूभागाला जीवावरण राखीव क्षेत्र किंवा बायोस्फिअर रिझर्व्ह म्हणतात. युनेस्कोने १९७१ मध्ये 'मानव आणि जीवावरण' हा कार्यक्रम सुरू केला, त्यातून ही कल्पना पुढे आली. भारतात १९८६ मध्ये निलगिरी हे पहिले जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर झाले. आज देशात अशी १८ क्षेत्रे आहेत. महाराष्ट्रात त्यांपैकी एकही नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात सातपुड्यातील पचमढी हे असे क्षेत्र आहे.

या क्षेत्राचे तीन भाग केले जातात.

- गाभा क्षेत्र: येथे झाडतोड, शिकार, खाणकाम यांना पूर्ण बंदी असते. प्राणी आणि वनस्पती यांना येथे कमीत कमी त्रास व्हावा, हा हेतू असतो.
- मध्यवर्ती किंवा बफर क्षेत्र: गाभ्याभोवतीचा पट्टा. जंगलाला धक्का न लावता चालणारी कामे, उदा. मर्यादित वनोपज गोळा करणे, अभ्यास, निसर्ग पर्यटन, येथे होतात.
- संक्रमण क्षेत्र: गावे, शेती, बाजारपेठा असलेला बाहेरचा भाग. येथे माणसाची उपजीविका आणि निसर्ग यांचा मेळ घालायचा असतो.

भारतात जीवावरण राखीव क्षेत्रासाठी स्वतंत्र कायदा नाही. कायद्याचे संरक्षण मिळते ते त्यातील राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये आणि राखीव वनांना. म्हणून जुन्नर-आंबेगावला असे नाव मिळालेले नसले, तरी तीन पट्ट्यांची ही मांडणी आपला भाग समजून घ्यायला उपयोगी पडते. भीमाशंकरचे जंगल म्हणजे गाभा, त्याच्या काठावरची आदिवासी गावे म्हणजे बफर आणि खालचा बागायती पट्टा म्हणजे संक्रमण क्षेत्र.

गाभा: भीमाशंकर अभयारण्य आणि शेकरू

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर असून ते पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांच्या हद्दीवर पसरले आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू ही या जंगलाची ओळख आहे.

शेकरू ही मोठ्या आकाराची खार. ती बहुतेक आयुष्य झाडावरच काढते आणि जमिनीवर क्वचित उतरते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी मारून ती फिरते, म्हणून फांदीला फांदी भिडलेले सलग जंगल तिला लागते. उंच झाडांवर काटक्या आणि पाने यांची घरटी बांधते आणि एकच शेकरू एकापेक्षा जास्त घरटी करते. मधली झाडे तुटली किंवा रुंद रस्त्यामुळे छत्र तुटले, की दोन बाजूंची शेकरे एकमेकांपासून तुटतात. अशा प्राण्याला वाचवायचे तर त्याचे जंगल सलग ठेवणे हाच मार्ग आहे. या कामात गावांनी राखलेल्या देवरायांचा वाटा मोठा आहे. देवाच्या नावाने राखलेली जुनी, उंच झाडे तेथे आजही उभी आहेत.

या जंगलाचा खालच्या शेतकऱ्याशी थेट संबंध आहे. भीमा नदीचा उगम भीमाशंकरला होतो. घोड नदी आंबेगावच्या पश्चिम डोंगरात उगम पावते आणि तिच्यावर डिंभे धरण आहे. डिंभे, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि येडगाव या पाच धरणांचा मिळून कुकडी प्रकल्प होतो. डोंगरावरची झाडी माती धरून ठेवते, पावसाचे पाणी जिरवते आणि धरणात येणारा गाळ कमी करते. म्हणजे उसाला मिळणाऱ्या पाण्याची राखण वरचे जंगल करते.

बफर: काठावरच्या गावांनी काय करावे?

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भात, नाचणी आणि वरई ही मुख्य पिके आहेत. हिरडा हा येथील आदिवासी कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचा मोठा आधार आहे. उभे झाड दरवर्षी पैसे देते, म्हणून हिरड्याचे झाड राखण्यात शेतकऱ्याचा स्वतःचा फायदा आहे. या पट्ट्यात पुढील तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे.

- हिरडा तोडणी: बाळहिरडा काढताना फांद्या तोडू नयेत. फांदी तुटली की पुढच्या वर्षाचे फळही जाते. काही फळे झाडावर पक्व होऊ द्यावीत, त्यातून नवी रोपे मिळतात. बांधावर आणि मोकळ्या जागेत नवीन लागवड करावी.
- राब भाजणी: भाताच्या रोपवाटिकेसाठी झाडांच्या फांद्या छाटून राब भाजण्याची जुनी पद्धत आहे. त्यामुळे झाडांचे छत्र विरळ होते. त्याऐवजी गादीवाफ्यावर रोपे तयार करावीत. वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत आणि भाताच्या तुसाची काळी राख मिसळल्यास रोपे कणखर होतात. चारसूत्री भात पद्धतीतही तुसाच्या राखेचा वापर सांगितला आहे.
- वणवा: फेब्रुवारी ते मे या काळात गवत वाळलेले असते. बांध पेटवल्यावर आग डोंगरात शिरते. त्यात गवत, रोपे, पक्ष्यांची घरटी आणि गुरांचा चारा जळून जातो. हंगामापूर्वी गावाने वनविभागासोबत जाळरेषा काढाव्यात. बांध जाळण्याऐवजी गवत कापून आच्छादन किंवा कंपोस्टसाठी वापरावे.

संक्रमण क्षेत्र: उसात बिबट्या का राहतो?

बिबट्याला दाट जंगलच लागते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात त्याला तीन गोष्टी पुरेशा होतात: लपायला आडोसा, पाणी आणि भक्ष्य. धरणे झाल्यानंतर बागायती पट्ट्यात या तिन्ही गोष्टी बारमाही मिळू लागल्या.

आडोशाचा विचार करू. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लावला जातो. त्यात खोडवाही असतो. आडसाली ऊस शेतात १६ ते १८ महिने उभा राहतो. म्हणजे वर्षात कोणताही महिना घेतला, तरी परिसरात कोठे ना कोठे उंच ऊस असतोच. त्याला मका, केळी आणि हत्तीघास यांची जोड असते. मादीला पिल्ले घालायला अशी शांत, दाट जागा सोयीची वाटते.

भक्ष्याचे काय? शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शेती आणि वस्तीच्या त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून असे दिसले, की खाद्यातील सुमारे ८७ टक्के वाटा पाळीव किंवा गावातील प्राण्यांचा होता. एकट्या कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. शेळ्यांचा वाटा त्याहून बराच कमी होता.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, बागायती पट्ट्यातील बिबट्या हा वाट चुकून आलेला पाहुणा नाही. त्याचा जन्मच अनेकदा उसात झालेला असतो. दुसरी, तो मुख्यतः गावातील भटक्या कुत्र्यांवर जगतो. कुत्री वाढतात ती उघड्यावरचा कचरा, कोंबड्यांच्या शेडमधील मेलेल्या कोंबड्या आणि ओढ्यात टाकलेली मेलेली जनावरे यांवर. म्हणून गावाची स्वच्छता हा बिबट नियंत्रणाचाच भाग आहे.

पकडून लांब सोडल्याने काय झाले?

२००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. या मोहिमेत २९ बिबटे हलवले गेले. डॉ. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याआधीच्या आणि नंतरच्या हल्ल्यांची तुलना केली. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मोहीम सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. हल्ल्यात माणूस दगावण्याचे प्रमाणही दुपटीच्या आसपास वाढले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

असे का होते, याची कारणे बिबट्याच्या स्वभावात आहेत.

- प्रत्येक प्रौढ बिबट्याचा स्वतःचा इलाका असतो. पाणी, लपण आणि भक्ष्य कोठे आहे आणि माणसे कोणत्या वेळी कोठे असतात, हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे तो माणसाला टाळून राहू शकतो.
- तो हलवला की मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरा बिबट्या येतो. तो अनेकदा तरुण आणि परिसराला नवखा असतो. जागा रिकामी राहत नाही.
- अनोळखी ठिकाणी सोडलेला बिबट्या गोंधळलेला असतो. पिंजरा, गर्दी आणि प्रवास यांचा ताण त्याच्यावर असतो. तेथे माणसाशी गाठ पडण्याची शक्यता वाढते.
- सोडलेला बिबट्या सोडलेल्या जागी थांबेलच असे नाही. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडण्यात आले. 'आजोबा' या नावाने ओळखला गेलेला हा नर सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईजवळच्या जंगलापर्यंत पोहोचला.

म्हणजे अडचण एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे जाते आणि आपल्या गावातही ती संपत नाही. तरीही पिंजरा कधीच लावू नये, असा याचा अर्थ नाही. माणसावर हल्ला करणारा किंवा जखमी, शिकार करू न शकणारा बिबट्या पकडणे आवश्यक असते. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. तो माणसाच्या जिवाला धोकादायक ठरल्यास त्याला पकडण्याचा किंवा ठार करण्याचा आदेश देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांना आहे. पकडलेल्या, जखमी आणि परत सोडता न येणाऱ्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट निवारण केंद्र आहे. वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून ते चालवतात.

केवळ 'बिबट्या दिसला' म्हणून पिंजरा लावल्यास मात्र निरुपद्रवी प्राणी पकडला जाण्याची आणि नवखा प्राणी त्या जागी येण्याची शक्यता असते.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१. गोठा आणि शेळ्यांचा वाडा
- शेळ्या, वासरे आणि कुत्री रात्री बंदिस्त जागेत ठेवावीत. चारही बाजूंना मजबूत लोखंडी जाळी आणि वर छत असावे. नुसती भिंत किंवा काटेरी कुंपण पुरत नाही, कारण बिबट्या उंच उडी मारतो आणि चढतोही.
- दाराला कडी-कोयंडा असावा. जाळी आणि जमीन यांत फट राहू देऊ नये.
- अंगणात खुंट्याला बांधलेली शेळी म्हणजे बिबट्याला घरापर्यंत आमंत्रण ठरते.

२. घर आणि पीक यांतील अंतर
- घराच्या आणि शाळेच्या वाटेला लागून ऊस, मका किंवा हत्तीघास लावू नये. मध्ये मोकळा पट्टा ठेवून तेथे कांदा, हरभरा, भाजीपाला अशी बुटकी पिके घ्यावीत.
- घराभोवतीची झुडपे, गवत काढावे. रात्री अंगणात आणि गोठ्याजवळ दिवा ठेवावा.

३. मुले आणि वयस्कर माणसे
- सायंकाळपासून सकाळी चांगले उजाडेपर्यंत लहान मुलांना एकटे बाहेर पाठवू नये. अंगणातही मोठे माणूस सोबत असावे.
- वाकून किंवा बसून काम करणारे माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखे भासू शकते. गवत कापणे, खुरपणी किंवा शौचास बसणे या वेळी धोका वाढतो. उसाच्या कडेला अशी कामे एकट्याने करू नयेत. घरच्या शौचालयाचा वापर करावा.
- उघड्यावर, ओट्यावर झोपू नये.

४. रात्रीचे पाणी
- शक्य तेथे दिवसा पाणी द्यावे. दिवसा वीज मिळण्यासाठी सौर कृषी पंप आणि सौर कृषी वाहिनी योजनेची माहिती महावितरणकडून घ्यावी. ठिबकला स्वयंचलित झडपा असल्यास रात्री शेतात जावे लागत नाही.
- जावेच लागल्यास दोघांनी जावे. हातात बॅटरी आणि काठी असावी. मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चालावे. माणसाची चाहूल लागली की बिबट्या बहुधा बाजूला होतो.

५. ऊसतोडणी
- तोडणी एका बाजूने सुरू करून दुसरी बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे आतील प्राण्याला बाहेर पडायला वाट मिळते. चारही बाजूंनी घेरून तोडणी करू नये.
- फड पेटवू नये. पाचट जाळल्याने जमिनीतील सेंद्रिय कर्ब कमी होतो आणि आतील पिल्ले होरपळतात. पाचट सरीत कुजवावे.
- तोडणी मजुरांच्या कोप्या उसाला चिकटून नसाव्यात. त्या एकत्र, मोकळ्या जागी, उजेडात असाव्यात. पहाटे आई-वडील फडात गेल्यावर मुले कोपीत एकटी राहतात, त्यांच्याजवळ मोठे माणूस ठेवावे. ही जबाबदारी मुकादम, शेतकरी आणि कारखाना या तिघांची आहे.

६. पिल्ले सापडल्यास
- काम लगेच थांबवावे आणि सर्वांनी मागे व्हावे. मादी जवळपासच असते.
- पिल्ले उचलू नयेत, घरी नेऊ नयेत, फोटोसाठी गर्दी करू नये. वनविभागाला कळवावे.
- वनकर्मचारी पिल्ले तपासून सायंकाळी सापडलेल्या जागेजवळच ठेवतात. मादी रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. पिल्ले हरवलेली मादी बिथरते आणि परिसराचा धोका वाढवते. म्हणून ही भेट होऊ देणे शेतकऱ्याच्याच हिताचे आहे.

७. विहीर
- विहिरींना कठडे बांधावेत. भक्ष्याच्या मागे धावताना बिबटे विहिरीत पडतात.
- बिबट्या विहिरीत पडल्यास गर्दी हटवावी. त्याला टेकायला बाज किंवा लाकडी फळी दोराने सोडता येते, पण बाहेर काढण्याचे काम वनविभागाचे पथकच करेल.

८. बिबट्या समोर आल्यास
- पळू नये, पाठ फिरवू नये, खाली वाकू नये. लहान मूल असल्यास उचलून घ्यावे. हात वर करून मोठ्याने ओरडत हळूहळू मागे सरकावे.
- दगड मारणे, पाठलाग करणे, घेरणे टाळावे. कोंडीत सापडलेला बिबट्या हल्ला करतो.

नुकसान भरपाई कशी मिळवावी?

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणसाचा मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये देण्याची राज्य शासनाची तरतूद आहे. जखमींनाही मदत मिळते. जनावर मेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनाने ठरवलेली कमाल रक्कम, यांपैकी कमी असेल ती दिली जाते. रकमा शासन निर्णयानुसार बदलतात, म्हणून चालू दर वनपरिक्षेत्र कार्यालयातून पाहून घ्यावेत.

- घटना कळताच, उशिरात उशिरा ४८ तासांच्या आत, जवळच्या वनरक्षक किंवा वनपाल यांना कळवावे. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.
- पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर हलवू नये. जागेचे आणि पंजांच्या ठशांचे फोटो काढून ठेवावेत.
- मेलेल्या जनावरावर विष टाकू नये. हा गुन्हा आहे, आणि त्यात गावची कुत्री व इतर जनावरेही मरतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- तोडणी हंगामापूर्वी, म्हणजे ऑक्टोबरच्या आत, प्रत्येक गावात वनविभाग, साखर कारखान्याचा शेती विभाग आणि ग्रामपंचायत यांची एकत्र बैठक घ्यावी. तोडणीचा क्रम आणि कोप्यांच्या जागा आधीच ठरवाव्यात.
- गावाचा साधा नकाशा काढून त्यावर उघडे गोठे, कठडा नसलेल्या विहिरी, कचऱ्याच्या जागा आणि उसालगतच्या शाळेच्या वाटा दाखवाव्यात. कामांचा अग्रक्रम त्यावरून ठरवावा.
- कुक्कुटपालकांना मेलेल्या कोंबड्या चुना टाकून खोल खड्ड्यात पुरण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे.
- ग्रामपंचायतीमार्फत भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचा पाठपुरावा करावा.
- बिबट्या दिसल्याच्या बातमीची खात्री केल्याशिवाय ती गावच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवू नये. जुने व्हिडिओ फिरल्याने गर्दी जमते आणि त्यातूनच अपघात होतात.

थोडक्यात

शेकरूला वाचवायचे तर भीमाशंकरचे जंगल सलग राहिले पाहिजे. त्यात काठावरच्या गावांचा हिरडा आणि खालच्या शेताचे पाणीही वाचते. बिबट्याच्या बाबतीत मात्र अभयारण्याची हद्द उपयोगाची नाही, कारण तो उसात राहतो आणि तेथून हलवला तरी दुसरा येतो. ऊस आहे तोवर बिबट्या राहणार, हे धरूनच नियोजन करावे. धोकादायक प्राणी ओळखून पकडणे हे वनविभागाचे काम आहे. बंद गोठा, स्वच्छ गाव, घराजवळ मोकळा पट्टा, दिवसाचे पाणी आणि शिस्तीची ऊसतोड ही कामे आपली आहेत. माणसाचा जीव प्रामुख्याने याच कामांनी वाचतो.